धारेचा पाट

प्रणव, ती खुर्ची रस्त्यावरून उचलून आणलीस ते चांगलंच केलंस. फुकट मिळालेल्या लाकडाला नाक मुरडणारा माणूस आपल्यातला नव्हेच. पण आज रात्रीपुरती ती बाल्कनीत ठेव. घाबरवत नाहीये रे, नुसतं सांगतोय. नंदिनी, हसणं झालं असेल तर तो मोठा दिवा घालव, डोळ्यांवर येतो. स्वयंपाकघरातला राहू दे. हं, एवढा पुरे.

आता, मी थापा मारतो हे अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. गणपतीत तुम्हाला श्वार्त्सवाल्डच्या जंगलातलं अस्वल सांगितलं, ते अस्वल नव्हतं, गाय होती. कबूल. पण ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. चंद्रशेखर त्याचं नाव. त्यानं मला ती दोन बैठकांत सांगितली, कारण एका बैठकीत त्याच्याच्यानं पुरी झाली नाही.

सन २०१९. चंद्रशेखर तेव्हा इथं जर्मनीतच, गेर्लिंगेन गावी राहायचा, गाड्यांचे ब्रेक तपासण्याच्या कामावर. बायको संध्या, आणि सात वर्षांचा मुलगा रुद्र. पोरगं मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायचं. त्या वर्षी दिवाळीला चंद्रशेखरची आई, मनोरमाबाई, फलटणहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. बॅगेत भाजणी, उटणं, मोती साबण, सगळं घेऊन आल्या. एक वस्तू तेवढी राहिली.

"पाट कुठाय तुमच्याकडे?"

"आई, पाट कशाला? बाथरूममध्ये स्टूल आहे ना," संध्या म्हणाली.

"ते निळं प्लॅस्टिकचं? नरकचतुर्दशीचं अभ्यंग काय प्लॅस्टिकवर बसवून घालायचं पोराला? त्याला न्हाऊ घालायला मी सात हजार किलोमीटर आले, आणि तुम्ही त्याला बादलीसारखा उपडा ठेवणार त्याच्यावर."

"घेतो मी बघून कुठंतरी," चंद्रशेखर म्हणाला.

बघायला फार लांब जावं लागलं नाही. बारा ऑक्टोबर, शनिवार. लेओनबर्गच्या पलीकडच्या एका गावात त्या दिवशी श्पेरम्युल होतं. म्हणजे लोक जुनं सामान रस्त्याच्या कडेला मांडतात, नगरपालिकेची गाडी येऊन नेते, आणि गाडी यायच्या आधी ज्याला हवं ते त्यानं उचलावं. सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, चंद्रशेखर गाडी हळूहळू चालवत ढीग बघत निघाला. तिसऱ्या गल्लीत एका घरासमोर त्याला हवं ते दिसलं. बीच झाडाच्या लाकडाची जाड फळी, दीड हात लांब, खाली चार बुटके पाय. जुनं, काळपट, पण कणखर. एकच खोड होती. फळीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराच्या आढ्यासारखी उभी धार होती. आणि त्या धारेत, वीतभर अंतरावर, दोन ठिकाणी खोलगट झीज.

त्यानं ती उचलली तोच वरून आवाज आला. "ते नको. ते जळण आहे."

पायऱ्यांवर म्हातारी उभी होती. ऐंशीच्या पुढची. दारावर पाटी होती श्टाइमले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला, आणि गुडघे असे की एक पायरी उतरायला तिला तीनदा थांबावं लागत होतं.

चंद्रशेखरनं हसून, नीट शब्द जुळवून सांगितलं, की लाकूड चांगलं आहे, जाळायला जीव होत नाही, त्याच्या आईला हवं आहे.

म्हातारीनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग विचारलं, "मुलं आहेत तुम्हाला?"

"एक मुलगा. सात वर्षांचा." बाप मुलाचं वय सांगताना जसा हसतो तसा हसला तो.

म्हातारी वळली, आणि एकेक पायरी चढून आत गेली. दार लावलं. याला वाटलं, परवानगी मिळाली.

घरी मनोरमाबाईंनी फळीवरून हात फिरवला आणि लगेच निकाल दिला. "विळीचा पाट आहे हा. इथं पातं बसवलेलं असणार, ते काढलं. मेली ही माणसंही आपल्यासारखीच भाजी चिरायची की पूर्वी."

"आई, जर्मन लोकं विळी नाही वापरत."

"तुला काय माहीत? तू काय शंभर वर्षांपूर्वी होतास इथं?"

तो फळी घेऊन तळघरात गेला आणि रंधा मारायला बसला.

आता या चंद्रशेखरबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक पाहिजे, नाहीतर पुढचं नुसतं भुताटकी वाटेल. त्याचे वडील, आप्पा, फलटणला हेडमास्तर होते. शाळेत देवमाणूस. घरी मात्र पोरानं भाजी सांडली, पेन हरवलं, पाढा चुकला, की एकच शब्द. अंगठे धर. पायाचे अंगठे धरून, वाकून, ओसरीच्या कोपऱ्यात. आप्पांचं जेवण होईपर्यंत. कधी त्यांची झोप होईपर्यंत. आणि त्या रात्री पोराला ताट नाही. मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या राहायच्या, एकदाच हळू आवाजात काहीतरी म्हणायच्या, आणि आत जायच्या. आप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली. पण ऑफिसात कुणी आवाज चढवला, की याच्या पाठीचा कणा आपोआप वाकायला बघायचा. माणसानं जर्मन शिकावं, गाडी घ्यावी, घराचं कर्ज काढावं. पाठ काही विसरत नाही.

रुद्र जन्मला त्या दिवशी हॉस्पिटलात त्यानं संध्याला शब्द दिला होता. "याला मी कधी शिक्षा करणार नाही. केली, तर तू याला घेऊन निघून जा. मी अडवणार नाही."

संध्या म्हणाली होती, "लक्षात ठेवीन हं." हसत म्हणाली होती. सात वर्षं त्यानं तो शब्द पाळला. साधं 'ए' म्हणून ओरडला नव्हता पोरावर. त्याची सगळी कमाई ती होती.

तर, रंधा. पहिल्या दिवशी दोन तासांत धार गेली. पातळ पापुद्रे निघाले, खालून गुलाबीसर लाकूड आलं, हात फिरवला तर काचेसारखं. मंगळवारी सहज बघायला गेला, तर बोटाला मधे काहीतरी लागलं. व्हर्नियर लावून मोजलं. शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. दमट हवा, लाकूड फुगतं. यानं पुन्हा रंधा मारला. शनिवारी पाहिलं. एक पूर्णांक आठ.

"जिवंत दिसतंय लाकूड," मनोरमाबाई म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी रुद्रला माप बघायला बोलावलं. "ये रे, बस बघू पाटावर. मांडी घाल."

रुद्र आला. पाटाकडे पाहिलं. आणि मांडी घालायच्या ऐवजी गुडघे टेकले. भिंतीकडे तोंड करून. दोन्ही हात मागे.

"अरे, मांडी! घोड्यासारखा काय बसतोस?"

पोरगं जर्मनमध्ये म्हणालं, "आजी, यावर असंच बसतात."

"कुणी सांगितलं तुला?"

त्यानं खांदे उडवले. "ते माहीतच असतं."

सगळे हसले. चंद्रशेखरसुद्धा हसला. नंतर जिना उतरताना त्याला वाटलं, की आपण उगाच जरा मोठ्यानं हसलो.

शुक्रवारी पंचवीस तारखेला त्यानं तिसऱ्यांदा रंधा मारला. वरून तेल पाजलं. सपाट. व्हर्नियर शून्य दाखवत होतं.

आता रात्र नीट लक्षात घ्या. शनिवार, २६ ऑक्टोबर २०१९. दुसऱ्या दिवशी रविवारी नरकचतुर्दशी, पहाटेचं अभ्यंग. आणि त्याच रात्री इथली घड्याळं मागे जाणार होती. दर वर्षी जातात, तुम्हाला माहितीय. रात्रीचे तीन वाजायला आले, की तिथंच पुन्हा दोन वाजतात. फोन आपोआप मागे जातो. ओव्हनवरचं घड्याळ मागे घ्यायला माणूस लागतो. हे सगळं चंद्रशेखरनं स्वतः संध्याकाळी घरात सर्वांना समजावून सांगितलं होतं, अगदी कागदावर आकृती काढून. मग स्वतःच्या फोनवर साडेचारचा गजर लावला.

संध्याकाळी एक बारीकसं झालं. नैवेद्याच्या डब्यातले दोन लाडू कमी. रुद्रच्या गालाला बेसन.

"रुद्र, लाडू खाल्लेस?"

"मी नाही."

बस्. एवढंच. सात वर्षांचं पोर, दोन लाडू. पण चंद्रशेखरच्या छातीत काहीतरी उभं राहिलं. जीभ टाळूला लागली... आणि त्यानं गिळलं ते. "बरं," म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

झोपायच्या आधी मनोरमाबाईंनी पाट स्वयंपाकघरात मांडला. भोवती रांगोळी काढली. अकरा वाजता घर निजलं.

त्याला जाग आली ती आवाजानं. लाकूड तडकतं तसा. एकदाच.

तो उठला. अनवाणी गेला. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार अर्धवट उघडं, त्याचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात रुद्र. डबा उघडा. तोंड भरलेलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मी नाही," रुद्र म्हणाला.

आणि चंद्रशेखर बोलला. काय बोलला ते त्याला नीट आठवतं. कारण ते मराठी नव्हतं. तो ऑफिसात बोलायचा ते जर्मनही नव्हतं. नऊ वर्षं राहूनही इथल्या म्हाताऱ्यांची जी स्वाबियन बोली त्याला धड कळायची नाही, त्या बोलीत तो म्हणाला, "गुडघे टेक."

त्याच्या बापानं कधी गुडघे टेकवले नव्हते. हा शब्द घरातला नव्हता.

रुद्रनं डबा खाली ठेवला. रांगोळी ओलांडून पाटावर गेला. गुडघे टेकले. भिंतीकडे तोंड. हात मागे.

चंद्रशेखरनं खुर्ची ओढली. बसला. फोन मांडीवर ठेवला. दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "तीन वाजून तीन मिनिटांनी ऊठ."

दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. त्याला वाटलं, आपण किती दयाळू आहोत.

दोन पंचावन्न. दोन अठ्ठावन्न. दोन एकोणसाठ.

दोन.

ते बरोबरच होतं. घड्याळ मागे गेलं होतं. आकृती त्यानंच काढली होती. पण त्यानं सांगितलेली वेळ तीन वाजून तीन मिनिटं होती, आणि तीन अजून वाजायचे होते. सांगितलेली वेळ म्हणजे वेळ.

थोड्या वेळानं रुद्रनं विचारलं, "बाबा, तीन वाजले?"

"नाही."

पोरगं रडलं नाही. खांदे थरथरायला लागले. मग तेही थांबलं.

"बाबा, तीन वाजले?"

"नाही."

दोन चाळीस. दोन पन्नास. दोन एकोणसाठ.

दोन.

या वेळी मात्र ते बरोबर नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं का? आलं. तो मला म्हणाला, "नागेशकाका, मला कळलं होतं. एका रात्रीत घड्याळ एकदाच मागे जातं. ओव्हनवरचं घड्याळ समोर दिसत होतं. त्याच्यावर चार वाजले होते. मला दिसत होतं ते. पण मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं... ते खोटं बोलतंय."

मग दार उघडलं. मनोरमाबाई. सुताची साडी, केस सुटलेले. त्यांनी पाटावरचं पोर पाहिलं. खुर्चीवर बसलेला मुलगा पाहिला. त्यांचा हात पदराकडे गेला. पदर तोंडाकडे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "पुरे करा ना आता. लहान आहे तो."

आई पोटच्या पोराला अहो म्हणाली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानं नुसतं पाहिलं त्यांच्याकडे.

त्यांनी मान खाली घातली. मागे सरल्या. दार ओढून घेतलं. कडी वाजू नये म्हणून मूठ दाबून धरली, मग हळू सोडली. तीस वर्षांचा सराव.

"बाबा, तीन वाजले?"

"नाही."

दोन वीस. दोन एकतीस.

"तीन वाजले?"

हा रुद्रचा आवाज नव्हता. पाटाकडूनच आला. मुलीचा होता. गावाकडच्या बोलीत.

"नाही," तो म्हणाला.

"तीन वाजले?" आणखी एक. घोगरा. सर्दी झालेला.

"नाही."

पाठमोरं पोर एकच होतं. आवाज येत राहिले. एकामागून एक. नीट रांगेत... आपापली पाळी आल्यावर. प्रत्येकाला तो उत्तर देत होता. आवाज न चढवता. शांतपणे.

दोन एकोणसाठ. दोन.

"आप्पा..."

हा मराठीत होता.

"आप्पा, तीन वाजले?"

तो आवाज त्यानं ओळखला. चाळीस वर्षं झाली, तरी आपला आवाज माणूस ओळखतो. फलटणची ओसरी. शेणाचा वास. पोटात भूक. मांड्यांच्या मागच्या शिरा तुटायला आलेल्या...

खुर्चीतून उठायचं होतं, पोरांनो. एवढंच करायचं होतं. उठून त्या एका पोराला हो म्हणायचं होतं.

"नाही," चंद्रशेखर म्हणाला.

मग कुणी विचारलं नाही.

...

गजर झालाच नाही. त्याच्या फोनवर साडेचार वाजलेच नाहीत. संध्याला जाग आली ती खिडकीतल्या उजेडानं. तिच्या फोनवर पावणेसात. उशीर झाला म्हणून ती धावत आली, आणि दारातच थांबली.

मुलगा पाटावर. नवरा खुर्चीत. दाढी केलेल्या, ताज्यातवान्या माणसाचा चेहरा.

"चंद्रू? काय चाललंय?"

"शू," तो म्हणाला. "दहा मिनिटं सांगितलीयत. अजून झाली नाहीत."

तिनं पोराला उचललं. त्याचे पाय सरळ होईनात. उचलल्यावरही गुडघे तसेच दुमडलेले, लाकडी खेळण्यासारखे. खाली पाट होता. तीनदा तासलेला, तेल पाजलेला. मधोमध दोन बोटं उंच धार उभी होती, आणि धारेतल्या दोन खाचांमध्ये ओलं होतं.

घड्याळं जुळवून हिशेब केला तर पाच तासांना आठ मिनिटं कमी.

"मी हात नाही लावला त्याला," चंद्रशेखर म्हणाला. "संध्या, देवाशपथ, हात नाही लावला."

"नाही," संध्या म्हणाली. "हात नाही लावलास."

यापलीकडे तिनं आयुष्यात त्याच्याशी भांडण केलं नाही. रुद्रला घेऊन आधी हॉस्पिटलात गेली, तिथून फ्रँकफर्टला, बहिणीकडे, शोभनाकडे. यानं शब्द दिल्याप्रमाणे अडवलं नाही. मनोरमाबाईंनी परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करून घेतलं. निघेपर्यंत त्या लेकाशी बोलायच्या, पण वाढताना हात लांबून पुढे करायच्या, आणि तो खोलीत आला की उभ्या राहायच्या.

सोमवारी त्यानं पाट गाडीत घातला आणि लेओनबर्गपलीकडचं ते घर गाठलं. घंटी वाजवली. श्टाइमलेबाई खाली आल्या. कशा आल्या? पायऱ्या उतरत, भराभर, शाळकरी मुलीसारख्या. हातात काठी नव्हती.

त्यांनी त्याच्या बगलेतला पाट पाहिला. मग त्याचा चेहरा. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "दहा मिनिटं."

त्यांनी मान हलवली. "आमच्याकडेही दहाच असायची."

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं की. जळण आहे म्हणाले."

"मग मुलं आहेत का म्हणून कशाला विचारलंत?"

रस्त्यावर कुणी पानं गोळा करत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. "मला जाळायचं होतं," त्या म्हणाल्या. "खरंच जाळायचं होतं. सत्तर वर्षं जाळीन म्हणत होते. पण तुम्ही म्हणालात मुलगा आहे... आणि मला बरं वाटलं."

"बरं?"

"इथं." त्यांनी वाकून दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. वाकल्या, आणि सहज सरळ झाल्या. "त्याच रात्री झोप लागली मला. आता तो तुमचा आहे. माझ्या अंगणात ठेवू नका."

दार लागलं.

त्यानं तो पाट जाळला. जंगलाच्या कडेला लोक सॉसेज भाजतात त्या कट्ट्यावर. काही झालं नाही. आवाज नाही, वास नाही. साध्या लाकडासारखा वीस मिनिटांत जळून गेला.

प्रणव, नाही, एवढ्यावर नाही संपत. बस.

पाच वर्षं गेली. चंद्रशेखरला महिन्यातून एक शनिवार मिळतो. फ्रँकफर्टला जातो, रुद्रला घेऊन कुठंतरी पिझ्झा खातो. पोरगं उंच झालंय. गुणी आहे. खोटं बोलत नाही. हॉटेलात टेबलापाशी उभं राहतं आणि विचारतं, "बाबा, मी बसू?" प्रत्येक वेळी विचारतं. बाप हो म्हणेपर्यंत बसत नाही.

आणि चंद्रशेखर? गेल्या पाच वर्षांत तो तब्येतीनं सुधारला. त्या पहाटेपासून त्याला गाढ झोप लागते. पाठ ताठ झाली. मीटिंगमध्ये कुणी ओरडलं तर तो नुसता बघतो त्याच्याकडे, आणि समोरचा गप्प होतो. बढती मिळाली त्याला. हे मला सांगताना तो रडला. म्हणाला, "काका, मला बरं वाटतंय. कितीही केलं तरी बरंच वाटतंय."

मागच्या मार्चमध्ये रुद्र फुटबॉल खेळताना पडला. गुडघ्याचा एक्स-रे काढला. नेमका बापाचा शनिवार, म्हणून बाप बरोबर होता. मोडलं काहीच नव्हतं. पण डॉक्टर फोटोकडे बघतच राहिली. मग तिनं विचारलं, हा मुलगा लहानपणी कधी खूप उपाशी राहिला होता का? मोठं दुखणं?

"नाही. का?"

तिनं दाखवलं. गुडघ्याखालच्या हाडात आडव्या बारीक पांढऱ्या रेषा. मुलाची वाढ उपासानं, आजारानं मधेच अडली, की हाड अशी रेष सोडतं, ती म्हणाली. प्रत्येक वेळेची एक. एखाददुसरी पुष्कळांना असते. इथं एकोणीस आहेत. पाचवी आणि सहावी जवळजवळ चिकटलेल्या, मग मोठी मोकळी जागा, मग तीन लागोपाठ.

चंद्रशेखरनं विचारलं, त्याचा स्वतःचा एक जुना फोटो बघता येईल का? दोन हजार पंधरा साली बर्फावर घसरला होता तेव्हाचा. तो फोनमध्ये होता. डॉक्टरनं दोन्ही शेजारी शेजारी लावले.

जुन्या फोटोत एकोणीस रेषा. पाचवी आणि सहावी चिकटलेल्या. मोठी मोकळी जागा. मग तीन लागोपाठ.

रुद्र बाजूला उभाच होता, बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं त्याला. डॉक्टरनं चंद्रशेखरला आत नेलं आणि तिथल्या तिथं त्याच्या गुडघ्याचा नवा फोटो काढला. त्याच पायाचा. स्क्रीनवर आला, तेव्हा तिनं आधी नाव तपासलं, मग जन्मतारीख. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि दुसऱ्यांदा काढला.

तोच आला.

एकही रेष नव्हती.